निळा पुढे, लाल मागे

ब्रेकच्या नळ्या मी स्वतः बसवणार, असं मी घरात जाहीर केलं तेव्हा बायको फक्त "बरं" म्हणाली. तिच्या "बरं"चा अर्थ मला चांगला कळतो, पण मी तिकडे काणाडोळा केला.

गाडी सासऱ्यांची, त्यांच्या तरुणपणातली. आता तिला पुढे नवे डिस्क ब्रेक लावले होते. मागे जुनेच ड्रम. आपल्या वाढदिवसाला ती कुणाला तरी देऊन टाकणार, असं सासरे म्हणाले होते. 'कुणाला तरी' म्हणजे मी किंवा माझा मेहुणा.

या गाडीत ब्रेकचा सिलिंडर पायाखाली, अगदी खालच्या अंगाला. ऑइल चाकांकडून परत उतरू नये म्हणून पुढच्या आणि मागच्या नळीत थोडा दाब धरून ठेवणारा एकेक व्हॉल्व्ह लागतो. एक निळा, एक लाल. कोणता कुठे, या विचारात मी असतानाच मेहुणा गॅरेजच्या दारात उगवला.

"भावोजी, निळा पुढे, लाल मागे. लाल जास्त दाब धरतो, तो ड्रमला लागतो."

मी विचारलं नव्हतं. न विचारता खरं कोण सांगतं? तेही गाडीवर डोळा असलेला माणूस? मी गोड हसलो आणि त्याची पाठ वळताच लाल पुढे बसवला.

मग गॅरेजला कुलूप घातलं, किल्ली गळ्यात अडकवली आणि दारापुढच्या जमिनीवर टाल्कम पावडर भुरभुरली. सकाळी पाहतो तर ठसे! नीट पाहिले, तर माझ्याच चपलांचे. म्हणजे पठ्ठ्या माझ्या चपला घालून आला होता.

वाढदिवसाला सगळे गाडीत बसलो. निघाली झोकात. पुढच्या चौकापर्यंत ती रुसल्यासारखी मंद झाली. मी ॲक्सिलरेटर दाबतोय, ती अडतेय. एक आजीबाई पिशव्या घेऊन आम्हाला मागे टाकून गेल्या. मग पुढच्या चाकांतून धूर आला आणि गाडी भर रस्त्यात थांबली.

"याने काहीतरी केलंय," मी मेहुण्याकडे बोट दाखवलं. "पावडरवर ठसे होते."

"कुणाचे?" बायकोने विचारलं.

"माझ्या चपलांचे. त्याने घातल्या असणार."

मेहुण्याने मुकाट्याने पाय पुढे केला. त्या एका पायाच्या मापात माझ्या दोन्ही चपला मावल्या असत्या. मग तो वाकून गाडीखाली बघू लागला.

"भावोजी, लाल पुढे आहे. म्हणून पुढचे ब्रेक सुटतच नाहीयेत."

मागे हॉर्न वाजत होते.

"जावईबापू," सासरे शेवटी म्हणाले, "गाडी तुम्हालाच द्यायची ठरवली होती मी."

'होती' हा शब्द त्यांनी फार सावकाश उच्चारला.

आता गाडी मेहुण्याकडे आहे आणि झकास चालते. पण माझा संशय काही जात नाही. मी उलटंच करणार हे त्याला पक्कं ठाऊक होतं. म्हणूनच त्याने मला खरं सांगितलं.