पहाटेच्या आयेची नेमणूक आणि शून्याचा मोड

श्रीधन्वंतरी प्रसन्न. कुलस्वामिनी साह्य असो, लिहिणारीचे हातून अधिकउणे न घडो. शके एकोणीसशे सेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सरे, माघ मासी शुद्ध पक्षी राज्यातील समस्त दवाखान्यांची गुणवत्ता परिषद राजधानीस भरली. संवत्सराचे नाव क्रोधी, परंतु ते दिवशी फारसे कोणी रागावले नाहीत, ही देवीची कृपा.

हुजुरांनी आधीच फर्माविले होते की, रुग्ण पडोन इजा पावतात ते कमी करोन दाखवावे, आणि उत्तम करील त्यास ढाल मिळेल. त्यात नदीकाठच्या दवाखान्याच्या वडील सिस्टर मंदाकिनीबाई घोसाळकर आल्या होत्या. त्यांचे वॉर्डात मागील साली अकरा बायका पडल्या, बहुतेक पहाटेस, न्हाणीचे वाटेवर. सिस्टरांनी रागे भरोन पाहिले, परंतु बायका ऐकतीना. मग एकीस जवळ बैसोन पुसिले, तो ती म्हणाली, "सिस्टर, अंघोळीशिवाय माझ्या देवाला पाणी कसं घालू? चाळीस वर्षांचा नेम आहे." तेव्हा सिस्टरांनी चाल घातली की, भरती होताच ताप, रक्तदाब यांसवे बाईचा नेमही पुसावा आणि कागदावर मांडावा, आणि त्या वेळेस पारूबाई आयेने हात धरोन न्यावे. मग साल भरता अकराचा एक जाहाला. परंतु पारूबाईंची पहाटेची नेमणूक हंगामी, फाल्गुनात सरणार, आणि ती कायम करणे हुजुरांचे हाती. सिस्टरांस ढालीचे काही नव्हते, पारूबाई राहाव्यात इतकेच मागणे होते.

मग परिषद सुरू जाहाली आणि एकेक दवाखाना उठोन पडद्यावर आलेख दाखवी आणि शेवटी शून्य दाखवी आणि टाळ्या घेई. सात दवाखाने जाहाले, सातही शून्य. मध्ये भोजन जाहाले, उपवासाचे ताट मांडावयाचे कोणास सुचले नाही, ते असो. मग सिस्टर उभ्या राहिल्या आणि पडदा पाहोन थबकल्या, कारण त्यांचे एकाचेही शून्य जाहाले होते. त्यांचे थोरले डॉक्टर दिनकरराव पहिल्या रांगेतून हळूच बोलिले, "मीच केलं. एकासाठी कशाला अडायचं? पारू हवी ना तुम्हांला? वाचा पुढं."

सिस्टर म्हणाल्या, "सर, शून्य म्हटलं तर सखवारबाई कुठं गेल्या? मनगट प्लॅस्टरात घालून अजून सातव्या खाटेवर आहेत त्या." सभा हसली आणि दिनकररावांनी चष्मा पुसावयास काढिला. अध्यक्षस्थानी आक्कासाहेब, हुजुरांच्या आरोग्यसचिव, नेमाची चाल त्यांनी सिस्टरांचे अर्जात वाचिली होती, त्यांनी पुसिले, "त्यांचा नेम विचारला नव्हता?"

"विचारला होता, बाईसाहेब. म्हणाल्या, मी नाही बाई देवदेव करत. म्हणून रकाना कोरा राहिला आणि पारूबाई गेल्या नाहीत. आणि त्या पाचाला उठल्या चहा शोधायला! आता आम्ही चहाही नेमात धरतो. चूक माझी. पण पारूबाईंना काढू नका."

आक्कासाहेब हसल्या आणि सभेस म्हणाल्या, "पहाटेच्या आया यंदा सहाच मंजूर आहेत. आता ज्यांच्याकडे कुणी पडतच नाही, त्यांना आया देऊन काय करू?"

मग सभेत मोठी चुळबुळ जाहाली. डोंगरापलीकडील दवाखान्याचे डॉक्टर उठोन म्हणाले, "तशा आमच्याही नऊ आहेत पडलेल्या." दुसरे म्हणाले, "नऊच? आमच्या चौदा, शिवाय एक गृहस्थ दोनदा!" मग जो तो हात वर करो लागला आणि पडलेल्यांची गर्दी आवरेना. आक्कासाहेबांनी पहिली सही पारूबाईंचे नावे केली. ढाल मेजावर तैसीच राहिली, मागावयास कोणी धजेना. दिनकरराव बाहेर येऊन बोलिले, "सिस्टर, एक तसाच ठेवायचा, हे जरा आधी सांगायचंत." सिस्टर म्हणाल्या, "सांगितलं होतं, सर. तुम्ही तेव्हा शून्य करत होतात."

तात्पर्य, परिषद बैसली ते समयी राज्यात पडलेले कोणी नव्हते, आणि उठली तेव्हा एकशे चार होते. ऐसे एका दिवसात राज्य सुधारले. देवी सर्वांचे पाय स्थिर ठेवो.