देवमनचं कुरूप

शेंदूरजनाघाटच्या सरकारी दवाखान्यात माणसाला कमरेच्या वर आजार झालेला चालायचा. खोकला आणा, डोळा आणा, कान आणा, डॉक्टर पाहायचे. पाय पुढे केला की त्यांचं तोंड फिरायचं. कंपाउंडर खिडकीतून मलमाची पुडी टाकायचा, तीही बौद्धपुऱ्यातल्या माणसाला जरा लांबूनच. पाय पाहायला वाकावं लागतं, आणि पगारी माणूस गरिबापुढे वाकत नाही. यात विनोद काहीच नाही. विनोद पुढे आहे.

देवमन संत्र्याच्या बागांतला नावाजलेला तोडेकरी. दिवसभर शिडीच्या दांडीवर उभं राहून फळं उतरवायची. त्याच्या नेमकं उजव्या तळव्याखाली कुरूप झालं, टाचेच्या भेगांतून रक्त यायला लागलं, आणि संत्र्यांचा तोडा तर तोंडावर आलेला. बागवानानं सांगून टाकलं, "पाय धड करून ये, नाई तं मी दुसरा गडी पाहून घेतो."

ग्रामपंचायतीचा मेंबर देवराव त्याचा दोस्त. पाय पाहणारा माणूस द्या म्हणून अर्ज लिहून लिहून तो थकला होता.

"आता अर्ज नाई गा," देवराव म्हणाला. "आता पायच नेऊ अमरावतीले. सभापतीच्या पुढं ठेवू. पाहू कसा पाह्यत नाई थो!"

देवमन, त्याची बायको ललिता आणि देवराव एस.टी.नं जिल्हा परिषदेत पोचले. सभापती खुशालरावांना बाहेर आणायला देवराव आत गेला. चपराशानं देवमनला कडुलिंबाखाली एक हातखुर्ची दिली. गाडीच्या धक्क्यांनी पाय ठणकत होता. ललितानं चहावाल्याकडून परातभर कोमट पाणी आणलं, पाय धुतला, भेगांत हळद-तेल भरलं. मग संत्र्याची रिकामी पेटी उपडी घातली, तिच्यावर नवं लाल फडकं अंथरलं आणि त्यावर पाय ठेवला.

"हलू नोका. हळद वाळू द्या," असं बजावून ती परात परत द्यायला गेली.

इथंच घोटाळा झाला. खुर्चीवर डोळे मिटलेला माणूस, लाल फडक्यावर त्याचा धुतलेला, हळद लावलेला पाय. असा पाय दिसल्यावर आपल्याकडचा माणूस सरळ पुढे जाईल काय? फुलवाली पार्बताबाई टोपली घेऊन बाजारात निघाली होती. ती थांबली. तिनं पायावर झेंडू वाहिला आणि डोकं टेकलं.

देवमन दचकला. बौद्ध धम्माची दीक्षा घेतल्यापासून त्यानं कोणा बुवाला दारात उभं केलं नव्हतं. "ओ बाई, उठा! पाया नोका पडू! मी कोनी बुवा-गिवा नाई!"

"मोठे मानसं असंच म्हनतात, महाराज."

"अवो, दुखते मले!"

"पाहा व माय," पार्बताबाई मागच्या बाईला म्हणाली, "जगाचं दुःख आंगावर घेतलं यायनं!"

मग काय! बाई पाहून बाई थांबली, बाया पाहून पुरुष थांबले, आणि माणसं पाहून कारकून कचेरी सोडून खाली आले. एका जाड व्यापाऱ्यानं कपाळ आपटलं ते थेट कुरुपावर. देवमनचा पाय आपोआप झटकला आणि लाथ व्यापाऱ्याच्या टोपीवर बसली. व्यापाऱ्यानं डोळे पुसले, हात जोडले. "प्रसाद भेटला!"

आता रांग फाटकापर्यंत गेली. लोक डोकी पुढे करून लाथ मागू लागले.

ललिता धावत आली. "काय चाललं हे? थो माहा नवरा हाये! रोज भांडते माह्यासंग!"

"संसारी साधू हाये," एक कारकून हळूच म्हणाला, आणि तिच्याही पाया पडला. ललितानं पदर तोंडात कोंबला. तिला हसू आवरेना.

तेवढ्यात खुशालराव बाहेर आले. "पुढच्या बैठकीत पाहू, पुढच्या बैठकीत पाहू," असं ते देवरावला सांगत होते. समोर गर्दी, आणि निवडणूक जवळ आलेली. पाहू म्हणायला वेळच उरला नाही. त्यांनी बूट काढले, पुढे होऊन कपाळ टेकलं.

देवमननं त्यांची मानच धरली.

"आता उठू नोका, सायेब. इतक्या जवळून आमचा पाय कोन्याच सरकारानं पाह्यला नाई. हे पाहा भेग, करंगळी जाते हिच्यात. हे पाहा कुरूप. दवाखान्यात याले कोनी हात लावत नाई. काहून लावत नाई? आमी का डोक्यावर चालतो?"

"मान... मान सोडा, महाराज!"

"पाय पाहनारा मानूस द्या, सोडतो."

"देऊन टाका सायेब!" गर्दी ओरडली. "महाराजानं तोंडानं मांगलं!"

"देतो! दर मंगळवारी ड्रेसर येईल!" खुशालराव खालूनच म्हणाले. वर आले तेव्हा कपाळाला हळद होती.

दुखणाईताचं ऐकायला ज्या सरकारला फुरसत नव्हती, त्यानं महाराजाचं ऐकून लगेच हुकूम काढला. पुढच्याच मंगळवारी ड्रेसर श्रावण पातं, चिमटा आणि स्पिरिट घेऊन हजर झाला. माणूस सोन्यासारखा. दवाखान्याच्या ओट्यावर बसून तो एकेक पाय चक्क मांडीवर घ्यायचा, धुवायचा, काटे-कुरुपं काढायचा, पट्टी बांधायचा. म्हाताऱ्या बाया आपलाच पाय उलटून उलटून पाहत, हसत घरी निघाल्या होत्या. डॉक्टर दारातून पाहत होते आणि पाहून न पाहिल्यासारखं करत होते.

देवमनचा नंबर आला. श्रावणनं पाय मांडीवर घेतला, वर पाहिलं, आणि त्याच्या हातातलं पातं गळालं.

"महाराज! तुमी?"

"कायचा महाराज? काप लवकर. उद्यापासून तोडा हाये."

"मी होतो ना त्या दिवशी रांगेत! तुमची लाथ भेटली आन् माही नोकरी पक्की झाली. या पायाले मी पातं लावू? जमत नाई, महाराज."

"अबे, मी तोडेकरी हावो!"

"परीक्षा पाहून राहिले काय माही?"

देवमननं शिव्या घातल्या. श्रावणनं त्या हात जोडून घेतल्या. देवरावनं समजावलं, ललितानं समजावलं. श्रावण हलेना.

शेवटी ललिता नवऱ्याच्या कानाशी लागली. "एक डाव व्हा ना महाराज. दुसरा गडी घेईल बागवान!"

देवमननं देवरावकडे पाहिलं. देवराव लगेच भिंतीवरच्या पालीकडे पाहू लागला. देवमननं दात-ओठ खाल्ले, दोन्ही डोळे मिटले, उजवा हात वर केला आणि खर्जातल्या आवाजात म्हणाला,

"बेटा श्रावण... काप."