कपाटातली एकवीस वर्षांची

खण्णकन चमचा पडला आणि घरातली शांतता मोडली. तरुणाई म्हणजे मागे भांडी न वाजणं, असं रेडिओ केंद्राच्या नियमावलीत पहिल्याच कलमात म्हटलं आहे, आणि संसार केलेल्या कुणालाही ते पटेल.

निवेदिका कपाटात बसली होती. तरुणांसाठीच्या या स्थानिक रेडिओ केंद्राने स्टुडिओ बंद करून कर्मचाऱ्यांना घरून थेट बोलण्याचं स्वातंत्र्य दिलं होतं (स्वातंत्र्य तरुणांना आवडतं). लोंबत्या कोटांमध्ये आवाज घुमत नाही, म्हणून कपाट.

रेडिओवर तिचं नाव बिजली, वय एकवीस. गेली अकरा वर्षं एकवीसच. वय वाढवायचं असल्यास महिनाभर आधी लेखी अर्ज करावा लागतो. (अद्याप एकही अर्ज आलेला नाही, यावरून कर्मचारी समाधानी आहेत हे सिद्ध होतं.) बिजलीचे गुडघे दुखत नाहीत, तिला झोप येत नाही आणि मूल तर नाहीच नाही. दर चाळीस सेकंदांनी हसायचं. चार सेकंद शांतता झाली की चूक. तीन चुका झाल्या की नवी बिजली. दोन होऊन गेल्या होत्या : एक जांभई आणि एक "अगं आई गं". चमचा नशिबाने जाहिरातीत पडला.

केंद्रप्रमुख अठ्ठावन्न वर्षांचे, टोपी उलटी घालणारे. काका म्हटलेलं खपत नसल्यामुळे सगळे त्यांना दादा म्हणत. त्यांचा फोन ठरलेला : "अगं, अजून थोडी बिघड की! फारच घरंदाज हसतेस."

पाहणीत शंभरातले त्र्याहत्तर श्रोते हे आपली मुलं काय ऐकतात ते कळावं म्हणून ऐकणारे आईबाप निघाले. उरलेले सत्तावीस हे कर्मचाऱ्यांचे नातेवाईक. मुलं काय ऐकतात, हा मुद्दा पाहणीच्या कक्षेबाहेर होता.

मनापासून ऐकणारी एकच : कपाटाबाहेर बसलेली तिची साडेपाच वर्षांची लेक. कपाटात बिजलीताई राहते आणि आई तिला सोबत करायला आत जाते, अशी तिची समजूत करून दिली होती.

जाहिरात संपली.

"दोस्तांनो, घरचे म्हणतील बस, तुम्ही उठा! घरचे म्हणतील गप्प, तुम्ही बोंबला! कुणाचं म्हणजे कुणाचं ऐकायचं नाही!" तिने वेळेवर हसून घेतलं.

दार किरकिरलं. लेक उभी. पायांत आईच्या चपला, हातात तोच चमचा.

"मी निघाले."

माईकचा लाल दिवा चालूच होता. आईने डोळे वटारले, ओठांवर बोट ठेवलं आणि दुसऱ्या बोटाने जमीन दाखवली : बस.

लेक विचारात पडली. तिने कोट बाजूला सारून मागे कोणी आहे का ते नीट पाहिलं.

"आई, मग तुझं ऐकू की बिजलीताईचं?"

'माझं' म्हणावं, तर बिजलीला मूल झालं. 'तिचं' म्हणावं, तर लेक दाराबाहेर. गप्प राहावं, तर तिसरी चूक.

एक सेकंद. दोन. त्र्याहत्तर आईबापांनी रेडिओचा आवाज वाढवला. (आपणही कान टवकारलेत, त्याची नोंद झाली आहे. उत्तर ठाऊक असल्यास कळवावं. वयाच्या रकान्यात एकवीस लिहावं.)

तीन.

"सांग ना!"