बेअरिंगवाले प्रल्हादकाका

आमच्या कॉलनीत कुणाकडे मयत झाली की लोक भेटायला जातात, मान खाली घालून बसतात, "फार वाईट झालं" म्हणतात आणि चपला शोधू लागतात. प्रल्हादकाका मान वर करून बसतात. त्यांचं लक्ष पंख्याकडे असतं. मागे समोरच्या इमारतीतले एक आजोबा गेले, तेव्हा सगळी खोली गप्प होती आणि काका आजोबांच्या मुलाच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "आवाज यायलाय." त्या बिचाऱ्याला हुंदका फुटला. काका म्हणाले, "रडू नको. खालचं बेअरिंग गेलंय, वरचं चांगलंय. तेराव्याच्या आत बदलून देतो." आणि दिलंही, एक पैसा न घेता.

चिकलठाण्याच्या एका कारखान्यात, मेंटेनन्समध्ये, त्यांची उभी हयात गेली. निवृत्तीनंतर कारखाना सुटला, पण कान काही सुटला नाही. घराबाहेर पडताना इतर लोक रुमाल घेतात, काका हातभर लांबीचा स्क्रूड्रायव्हर घेतात. त्याचं टोक मशीनला टेकवायचं, मूठ कानाला लावायची आणि डोळे बारीक करायचे. मिक्सर, कूलर, शिलाई मशीन, काही वर्ज्य नाही. ही गोष्ट घडली तेव्हा दुष्काळाची वर्षं होती. नळाला पाणी कधी येईल ते कुणालाच सांगता येत नव्हतं आणि कॉलनीभोवती नव्या इमारती मात्र भराभरा उठत होत्या. टँकर आला की आम्ही बादल्या घेऊन धावायचो, काका स्क्रूड्रायव्हर घेऊन. "थांबा, पंप बंद करा, आवाज यायलाय!" पाण्यासाठी ताटकळलेल्या माणसांनी त्यांना काय काय ऐकवलं असेल, ते इथे लिहिता येणार नाही.

माणसांचं निदानही ते याच भाषेत करत. सोसायटीचे चेअरमन दिलेला शब्द पाळत नाहीत, म्हणजे "त्यांना प्ले आलाय, ढिले पडलेत." मी घरी चिडचिड केली की, "दिलीप, तुझं ग्रीस संपायलंय," आणि लगेच आमच्या हिला चहा टाकायला सांगणार. तो चहा स्वतःच पिणार, हे वेगळं सांगायला नको.

त्यांचा आणखी एक नेम होता. काढलेलं जुनं बेअरिंग ते पायरीच्या दगडावर ठेवत आणि हातोडीनं फोडून टाकत. "कामून फोडता हो?" मी एकदा विचारलं. "धुऊन-पुसून नवं म्हणून विकणारे लई हायेत बाजारात. मेलेलं बेअरिंग कुणाच्या गळ्यात पडू नाय."

आता कुमुदकाकू, म्हणजे काकांच्या पत्नी. शाळेत शिक्षिका होत्या. मोपेडवरून अशा जायच्या की रिक्षावाले बाजूला व्हायचे. काचबिंदूनं त्यांची दृष्टी गेली आणि ही बाई एकदम घरात बसली. काठी नको, कुणाचा हात नको, कुणी भेटायला नको. तळमजल्याच्या त्यांच्या गॅलरीत वाळत घातलेले कपडे तेवढे दिसायचे, काकू दिसायच्या नाहीत. काका सगळ्यांच्या घरचे आवाज घालवत हिंडायचे आणि स्वतःच्या घरातल्या शांततेपुढे मात्र त्यांचा इलाज चालत नव्हता.

इलाज सापडला तो अपघातानं. त्यांच्या पुण्याच्या मुलानं हौसेनं घेतलेली रिमोटची मोटारगाडी, हौस फिटल्यावर, इथल्या माळ्यावर आणून टाकली होती. काकांनी ती खाली काढली, बॅटरी भरली आणि गॅलरीसमोरच्या बागेत सोडली. बाग म्हणायची आपली सवय, पाण्यावाचून तिचं कडक मैदान झालं होतं आणि त्यात ओळीनं पाण्याचे निळे ड्रम. गाडीच्या मोटारीतली दोन्ही बेअरिंगं झिजलेली. ती अशी किंचाळत सुटली की माझे दात आंबले. तेवढ्यात आतून काकू आल्या, चाचपडत, भिंत धरून.

"अहो, ती ड्रमापाशी गेली का?"

"व्हय. तुला कसं कळलं?"

"ऐकू यायलंय की. द्या इकडं."

त्या दिवसापासून काकू गाडी चालवू लागल्या. नुसत्या कानावर! किंचाळणं लांब गेलं की वळवायची, ड्रमाजवळ घुमलं की मागे घ्यायची. संध्याकाळी बायका जमायला लागल्या. "वर्षाताई, पाय उचला, आले मी!" असं ओरडून काकू हसायच्या. ते हसू आम्ही फार दिवसांनी ऐकत होतो.

काका शेजारी बसून तो आवाज सोसत होते. पट्टीच्या गवयाला बेसूर पेटीशेजारी बसवावं, तसे. शेवटी त्यांना राहवेना. "मोटार जाम होऊन बसंल एक दिवस, मग काय करील ती?" ते म्हणाले. ते खरंही होतं. काकू दुपारी झोपल्या असताना त्यांनी मोटार खोलली. नखाएवढी नवी बेअरिंगं आणून फ्रीजमध्ये बर्फाच्या ट्रेशेजारी ठेवली होती, म्हणजे ती आकसतात. मोटारीचं झाकण तव्यावर कोमट केलं, म्हणजे ते फुलतं. बेअरिंग आपसूक आत बसलं. इतक्या प्रेमानं माणूस नातवाला दुपट्यात गुंडाळतो. मग जुन्या बेअरिंगांचा पायरीवर भुगा झाला.

संध्याकाळी काकूंनी रिमोट घेतला. गाडी सुटली ती लोण्यातून सुरी जावी तशी. काका माझ्याकडे पाहून भुवया उडवत होते. काकू मात्र मान इकडून तिकडे वळवत राहिल्या. गाडी ड्रमावर आपटली, मग माझ्या नडगीवर, मग उलटली.

"बॅटरी उतरली का हो?" काकूंनी विचारलं.

"नाय, चालू हाय की. बेअरिंगं बदलली. बघ कशी गप्प झाली!"

"व्हय, छान झालं," काकू म्हणाल्या, रिमोट काकांच्या हातात दिला आणि भिंत धरून आत गेल्या.

दुसऱ्या दिवशी त्यांचं डोकं दुखत होतं. तिसऱ्या दिवशी ऊन फार होतं. मग कारणंही देईनाशा झाल्या. काका माझ्याकडे आले, चहासुद्धा नको म्हणाले. "दिलीप, तिची गाडी मीच आंधळी केली रे. स्कूटर काढ."

आम्ही बेअरिंगच्या दुकानात गेलो. मालक शफीकभाई, काकांचे जुने स्नेही. काका काउंटरवर वाकून हळू आवाजात म्हणाले, "या साइजमध्ये खराब बेअरिंग हाय का?"

शफीकभाईंचा चेहरा पडला. "खराब माल? हमारे यहाँ? किसने बोला, काका?"

"कोणी नाय बोललं. मला पाहिजे. आवाज करणारं."

"जिंदगीभर कान लगाके माल लिया तुमने, आज ये कायकू?"

काकांनी सांगितलं. शफीकभाईंनी काउंटरखालचा खण उघडला. मग त्यांनी नव्या बेअरिंगांची पुडी पुढे सरकवली. "खराब तो मेरे पास नहीं. ये ले जाओ, तुमीच करो खराब."

येताना काकांनी स्कूटर थांबवायला लावली आणि रुंदीकरणासाठी खोदलेल्या रस्त्यावरची चिमूटभर धूळ कागदात बांधून घेतली. घरी त्यांनी नव्या बेअरिंगांवरचं झाकण सुईनं उचकटलं, पेट्रोलनं सगळं ग्रीस धुऊन काढलं आणि आत धूळ भरली. "पहिल्यांदाच करायलोय असलं काम," ते म्हणाले. बोटानं फिरवून पाहिलं. कर्रर्र! काकांनी तोंड फिरवलं, पण मोटारीत तीच बसवली.

संध्याकाळी गाडी पुन्हा किंचाळली आणि कुणी हाक मारायच्या आधीच काकू आतून दारात आल्या. "काय बिघडलं होतं हो?"

"काय नाय. बेअरिंग उलटं बसवलं होतं मी. चुकलं माझं."

"तुमचं?" काकू म्हणाल्या. "असू द्या, होतं कधी कधी." आणि रिमोट घेऊन गाडी थेट ड्रमांच्या मधून काढली.

काका दुसरी बॅटरी आणायला आत गेले, तशा काकू माझ्याकडे वळल्या. गाडी फिरतच होती.

"दिलीप, बेअरिंगला उलटं-सुलटं नसतंय. कसंबी घाला, बसतंय. एवढी वर्षं त्यांच्यासोबत काढली, एवढं मला ठाऊक नसंल व्हय?" त्या हसल्या आणि आवाज खाली आणून म्हणाल्या, "पण त्यांना बोलू नको काही. चांगलं बेअरिंग बिघडवायचं लई जिवावर आलं असंल त्यांच्या."