आधी वर्दी, मग भेट

मनुष्याला लाभलेले सुख चार लोकांस कळविल्यावाचून पूर्णत्वास जात नाही. आणि कळविल्यानंतर ते बहुधा त्याच्याजवळ उरत नाही. या सिद्धान्ताचा पूर्वार्ध हौशी रेडिओवाल्यांनी इतका मनावर घेतला आहे, की उत्तरार्धाकडे पाहण्यास त्यांना सवड झालेली नाही.

त्यांची व्यवस्था निर्दोष आहे. दूरदेशीचे दुर्मीळ केंद्र कोणास ऐकू आले, की त्याने संगणकावरील सामाईक फलकावर त्याचे संकेतनाम, वारंवारता व वेळ नोंदवावी. या नोंदीस वर्दी म्हणतात. वर्दी क्षणात जगभर पोहोचते आणि ज्यांना ते केंद्र ऐकू येते ते सारे त्याला हाका मारू लागतात. (ज्यांना ऐकू येत नाही, ते अधिक जोराने मारतात.)

नारिन येथील निवृत्त भूमापक तुर्दाकुन असानालिएव यांनी बावीस वर्षांत अकरा हजार चारशे बारा वर्द्या दिल्या होत्या; पैकी चुकीच्या दोन, आणि त्या दोहोंविषयी त्यांचा वाद अद्याप चालू होता. रेडिओवाल्यांच्या मान्य यादीतील एक सोडून सर्व प्रदेशांशी त्यांची भेट, म्हणजे रेडिओवर बोलणे, झाली होती. भेटीचा पुरावा म्हणून प्रत्येकाचे पोचपत्र भिंतीवर होते. शेवटच्यासाठी खिळा ठोकून ठेवलेला होता. हा शेवटचा प्रदेश म्हणजे दक्षिण महासागरातील एक बेट. तेथे सील राहतात. माणसे वीस वर्षांतून एकदा, दोन आठवडे, केवळ रेडिओ लावण्यासाठी जातात. तुर्दाकुन अडुसष्ट वर्षांचे होते. पुढच्या खेपेचा हिशेब त्यांनी मांडून पाहिला होता आणि कागद फाडून टाकला होता.

यंदाच्या मोहिमेचे तेरा दिवस नुसत्या खरखरीत गेले. चौदाव्या, म्हणजे अखेरच्या, दुपारी आवाज आला. क्षीण, पण स्वच्छ. बेटावरचा माणूस हाका मारून थकला होता. "कोणी आहे का? कोणीही?"

कोणीही नव्हते. तुर्दाकुन यांचा हात मायक्रोफोनकडे गेला आणि तेथून वळून कळफलकाकडे आला.

"अहो, आधी बोला की त्याच्याशी!" कणकेच्या तळलेल्या बोरसोकची परात घेऊन दारात उभ्या असलेल्या त्यांच्या पत्नी बुरुलाई म्हणाल्या.

"आधी वर्दी, मग भेट. बावीस वर्षांत एकदाही उलटं केलं नाही मी."

"एकदा केलंत तर कोणाला कळणार आहे?"

"कोणालाच नाही. म्हणून तर पाळायचं!"

बुरुलाईंनी परात तिथेच आदळली. तुर्दाकुन यांनी शेऱ्याच्या रकान्यात लिहिले : 'स्पष्ट ऐकू येतो. हाक मारणारा कोणीही नाही.' एक चुकलेले अक्षर दुरुस्त केले आणि वर्दी धाडली. तिच्यातील दुसरे विधान बारा सेकंद खरे राहिले.

पुढली चाळीस मिनिटे ते घसा खरवडून आपले संकेतनाम ओरडत होते. त्या कल्लोळात ते त्यांचे त्यांनाही ऐकू येत नव्हते. मग बेट बंद झाले.

संध्याकाळी काराकोलहून एर्मेक हा तरुण हौशी रेडिओवर आला. तो तुर्दाकुन यांना बायके, म्हणजे थोरला भाऊ, म्हणे. "बायके, बेट लागलं! पहिल्याच हाकेला! त्यांच्या यादीत माझं नाव चढलंय! सगळी तुमच्या वर्दीची कृपा."

"तुला कसा काय ऐकू येत होता?"

"ऐकू? छे हो! तुम्ही लिहिलंत म्हणजे असणारच ना तिथं! तुमचं कितव्या मिनिटाला लागलं?"

"बुरुलाई जेवायला बोलावतेय," तुर्दाकुन म्हणाले. (त्या दुपारपासून त्यांच्याशी बोलत नव्हत्या.)

दोन महिन्यांनी मोहिमेचे आभारपत्र आले : 'आपल्या एका वर्दीमुळे शेवटच्या दिवशी चारशे सहा जणांची आमच्याशी भेट झाली.'

"लावा की खिळ्याला," बुरुलाई म्हणाल्या. "बेटवाल्यांचंच आहे."

"भेटीचा पुरावा नाही हा." या मुद्द्यावर तुर्दाकुन दोन दिवस स्वतःशी भांडले आणि हरले. तिसऱ्या दिवशी त्यांनी पत्र उचलले. पण लावण्यापूर्वी फलकावरील मंडळींना दाखवावे म्हणून त्याचे छायाचित्र काढून धाडले. अभिनंदनाला उत्तरे देण्याचे काम अजून चालू आहे. पत्र टेबलावर आहे. खिळा मोकळा आहे.

प्रस्तुत लेखकाने ही हकीकत लिहून पुरी होण्याआधीच तिघांना कळविली; तिघेही ती त्याच्याहून चांगली सांगतात, असे कानावर आहे. वाचकाने खुशाल हसावे. मात्र ही कोणाला पाठवावी, ते नाव ज्याच्या मनात मधेच येऊन गेले असेल, त्याने निदान हे शेवटचे वाक्य तरी आधी वाचून घ्यावे.