मेहेरकाकांचा दुभाषी

रोज दुपारी डबा उघडण्याआधी मेहेरकाका संगणकाला विचारतात, दोन अधिक दोन किती? चार आलं की "शुद्धीवर हाय," असं आम्हा सगळ्यांना सांगतात, आणि मगच खरं काम त्याच्यावर सोपवतात.

बोईसरला आमची रंगाची कंपनी. काका तिथलं गोदाम सांभाळतात, मी संगणक. मागे कंपनीनं पायथन ही संगणकाची भाषा शिकवायला एक माणूस आणला होता. बाकीचे समोसे खाऊन परतले, काका तेवढे शिकले. काळी खिडकी उघडायची, आज्ञा लिहायची, एंटर दाबायचं. आपल्या लिहिण्याचा अर्थ लावून मशीनकडून काम करून घेणारा जो आत बसलेला असतो, त्याला काका दुभाषी म्हणतात. एंटर दाबताना मात्र डोळे घट्ट मिटून घेतात.

माणूस जात्याच घाबरट. कुलूप लावून फाटकापर्यंत जातील आणि ते ओढून बघायला परत येतील. फोन वाजला की पहिला प्रश्न, "कोण गेलं?"

या भीतीचं मूळ तारापूरच्या समुद्रात आहे. धाकटा भाऊ हरेश होडी घेऊन मासेमारीला जातो. पूर्वी दोघे मिळून जायचे. काका नोकरीला लागले तेव्हा "मला एकल्याला दर्यात टाकून गेलास," म्हणून हरेशनं बोलणंच टाकलं. तेव्हापासून काका त्याच्या बायकोला, सुमनला, फोन करून वारा कळवतात. आधी स्वतःच अंदाज बघून कळवायचे. पण नारळाची झावळी हलली तरी यांना वादळ दिसायचं, त्यामुळे रोज एकच निरोप: नको. शेवटी सुमन म्हणाली, "दादा, तुमचं ऐकलं तं आमाला मासे इकत घ्यावे लागतील."

म्हणून काकांनी छोटा प्रोग्राम लिहिला. त्यानं इंटरनेटवरून वाऱ्याचा अंदाज आणायचा आणि एकच शब्द सांगायचा, जा किंवा नको. "त्याला माझ्यासारखी भीती नाय वाटत," काका म्हणतात. मी एकदा म्हटलं, रोज हातानं कशाला चालवता, ठरल्या वेळी आपोआप चालेल असं करून देते.

"आन् मग काळजी कोण करील?" काका खरोखरच चिडले.

परवा त्यांना नवा संगणक मिळाला. दुपारी हाक आली, "अगो बाय, धाव! दुभाष्याला बोलावलं तं ह्यानं दुकान उघडलं!"

नव्या संगणकावर मी काकांचा प्रोग्राम आणून ठेवला होता, पण पायथन घालायचं राहिलं होतं. ते नसलं की हा पठ्ठ्या ॲपचं दुकान उघडून दाखवतो. मी ते उतरवून घ्यायला बसले, पण नेट गोगलगाईच्या चालीनं चाललेलं. भरती उतरायच्या आत होडी निघाली नाही तर गाळात रुतते, आणि निरोपाशिवाय निघाली तर काय, या विचारानं काका माझ्यामागे येरझारा घालत होते.

"तो तसाच गेला असंल. आईक, वाऱ्यानं पत्रा वाजतोय."

वाजत होता तो पंखा.

तेवढ्यात फोन आला. सुमनचा नंबर होता. काकांनी फोन माझ्यापुढे सरकवला, मी स्पीकर लावला.

"दादा, होडी काठालाच हाय. हे बसून रायलेत. म्हणतात, दादाचा वारा आल्याबिगर जायचं नाय."

"आजच?" काकांनी कसंबसं विचारलं.

"रोजच. तुमाला सांगू नको म्हणतात."

आणि मागून एक घोगरा, वैतागलेला आवाज आला, "काय रे दादा, कवा सांगशील? होडीतल्या बरफाचं पाणी झालं!"

पायथन एव्हाना उतरलं होतं. काकांनी डोळे आधीच घट्ट मिटले होते, म्हणून आज्ञा मी लिहिली. पडद्यावर शब्द आला: जा. काकांनी डोळे उघडून तो दोनदा वाचला.

"दादा?" पलीकडून पुन्हा आवाज आला.

"जा रे," काका म्हणाले. "पन सांभाळून जा."

"हां," हरेश म्हणाला.

फोन बंद झाला आणि काका साऱ्या ऑफिसदेखत तोंडावर रुमाल धरून रडले.