तातेरावाच्या कूलरमधला नाग

रायभानची बेगम नावाची बदकाची मादी सोमवारी सकाळी नाहीशी झाली आणि मंगळवारी त्यानं शेजारच्या तातेरावावर आळ घेतला.

अंबडजवळच्या त्या शेतवस्तीवर दोनच घरं, मध्ये तुराट्यांचं कुंपण. रायभानकडं मस्कोवी जातीची सात बदकं होती. ही जात कलकलाट करत नाही म्हणून त्याच्या बायकोनं, बायनाबाईनं, हौसेनं आणलेली. पण ओरडत नसली तरी उडतात, हे तिनं दहादा सांगितलं होतं. "पंखाची पिसं कापा," ती म्हणायची. "उद्या," रायभान म्हणायचा.

सोमवारी संध्याकाळी तातेरावाच्या घरातून झणझणीत रश्श्याचा वास आला. झालं!

"तात्या, काल रस्सा कशाचा केल्ता?"

"शेवभाजीचा. का बरं?"

"शेवंला पिसं असतेत का?"

तातेरावाचा चेहरा पडला. "वीस वर्षांचा शेजार हाय रायभान, अन् असं बोलून राह्यलास?" एवढंच म्हणून तो आत गेला. त्या दिवसापासून अबोला. तातेरावाची बायको रेणुका कढीपत्त्यालासुद्धा येईना. रायभानला घास गोड लागेना, पण माघार कोण घेणार?

तीन आठवडे असे गेले. एप्रिलचं ऊन पत्र्यातून डोक्यात उतरू लागलं, तसा तातेराव कूलर काढायला मागच्या शेडमध्ये गेला. कूलरची एक बाजू गळून पडलेली. त्यानं आत हात घातला आणि आतून आवाज आला, "फुस्स!"

एक चप्पल तिथंच टाकून तातेराव अंगणात आला. "नाग! नाग हाय कूलरात!"

ती हाक ऐकून रायभान अबोला विसरला आणि काठी घेऊन कुंपणावरून उडी मारून आला. रेणुकानं अंबडच्या मच्छिंद्रला, साप पकडणाऱ्याला, फोन लावला. तो येईपर्यंत तासभर रायभान शेडच्या दारात पहारा देत उभा होता. जरा हालचाल झाली की आतून फुस्स!

"पाच फुटी तरी हाय," घाम पुसत तो म्हणाला. "जल्दी मागं व्हा वहिनी. आवाजावरून कळतं मला."

मच्छिंद्र आला. साप धरायची आकडी सावरून त्यानं कूलरमध्ये बॅटरी मारली, बराच वेळ वाकून पाहिलं आणि सरळ उभा राहिला.

"काका, ह्या सापाला चोच हाय."

आत जुन्या गवतावर बेगम थापल्यासारखी बसली होती, पोटाखाली अकरा अंडी. नवऱ्यामागोमाग आलेली बायनाबाईच म्हणाली, "इचारा आता. शेवंला पिसं असतेत का?"

रायभान मान खाली घालून बेगमला उचलायला वाकला, तशी रेणुका आडवी आली. "हात लावू नका भाऊजी. आता उठवली तर परत बसायची न्हाई. आपल्या दारात आलेली बाळंतीण हाय ती."

"ह्या जातीला पस्तीस दिवस लागतेत. म्हंजे अजून बारा दिवस," बायनाबाईनं बोटं मोजली.

"अन् बारा दिवस आम्ही काय करावं?" तातेराव पदरानं वारा घेणाऱ्या बायकोकडं बघत म्हणाला.

रायभान बायनाबाईला घेऊन घरी गेला. अर्ध्या तासानं नवरा-बायको आपला कूलर धरून, धापा टाकत आले. रायभाननं तो तातेरावाच्या खोलीत लावला, पाणी भरलं, बटण दाबलं. माफी मागायचं त्याच्या ओठांवर आलं होतं. पण तोंडून निघालं, "पाणी रोज बदलत जा."

"बैस की," तातेराव म्हणाला.

त्या दुपारपासून चौघं त्या कूलरसमोर जेवू लागले. एकदा शेवभाजीही झाली; रायभाननं दोनदा वाढून घेतली. तेराव्या दिवशी दहा पिल्लं बाहेर पडली. अकरावं अंडं तसंच राहिलं. कूलर आणि बाळंतीण न्यायला आलेल्या रायभानच्या हातात तातेरावानं ते अंडं ठेवलं.

"हे अजून व्हायचंय. घाई करू नकोस."

रायभाननं अंडं खिडकीच्या उजेडापुढं धरलं. आत काहीच नव्हतं.

"बराबर हाय," तो गंभीरपणे म्हणाला. "आठ-दहा दिवस तरी लागतील."

आणि कूलरसमोर मांडी घालून बसला.